एमएक्स-५ ला शॉकअप कोणते? ट्रॅकही करायचाय आणि रोज ऑफिसलाही जायचंय

बोब्लिंगेनकर:

नमस्कार मंडळी,

गाडी माझदा एमएक्स-५ एनडी, दोन लिटर, १८४ हॉर्सपॉवर, २०१९ चं मॉडेल. सेकंडहँड घेतली. सस्पेन्शनला आधीच्या मालकाने हात लावलेला नाही, कंपनीकडून आलेले बिलस्टीनच आहेत. टायरही मूळच्याच मापाचे आणि जातीचे, ब्रिजस्टोन एस००१, २०५/४५ आर१७. ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल बदललंय, तेव्हा "आधी ब्रेक बघ" कृपया नको.

राहायला श्टुटगार्टच्या बाजूला. हॉकेनहाइम तासाभरावर आहे, तिथल्या ट्रॅक डेला जातो. उन्हाळ्यात न्युर्बुर्गरिंगचा लांबलचक ट्रॅक, नॉर्डश्लाइफही होते.

त्रास दोन आहेत. हॉकेनहाइमला सकाळी गाडी झकास चालते, दुपारी मात्र मागची बाजू तरंगायला लागते. तिथल्या जाक्सकुर्व वळणात तर इतकी कलते की बाहेरून बघणारे हसतात. दुसरं, नॉर्डश्लाइफवर फुक्सरोअरचा उतार संपतो त्या खोलगट जागी गाडी दाणकन बसते आणि जरा बाजूला सरकते. तिथे बाजूला किती जागा असते ते गेलेल्यांना माहीत आहे.

बजेट अडीच हजार युरो, फिटिंग आणि अलाइनमेंट धरून. डोक्यात तीन नावं आहेत: बिलस्टीन बी१४, केडब्ल्यू व्ही३ आणि ओलिन्स रोड अँड ट्रॅक. एक दुकानदार ३२ क्लिकवाला (म्हणजे जोर ३२ टप्प्यांत बदलता येणारा) एक सेट बी१४ पेक्षाही कमी किमतीत देतोय. शेजारच्या सीटवर बायको बसते, ऑफिसची वाटही याच गाडीने. काय घेऊ?

घाटवळण:

बजेटमध्ये बसतायत ना, मग ओलिन्स घे आणि मोकळा हो. विचार करत बसलास तर उन्हाळा संपेल.

चाकणवाली:

घाटवळण, उत्तर चुकीचं नाही, पण बोब्लिंगेनकरने अजून प्रश्नच नीट बघितलेला नाही.

मी चाकणला शॉकअपच्या टेस्ट लॅबमध्ये बरीच वर्षं काढली, आता कोलोनच्या बाजूला असते. वीकेंडला मीही नॉर्डश्लाइफवर पैसे जाळते. तेव्हा जरा सविस्तर लिहिते, चहा घेऊन बस.

पहिल्यांदा तो ३२ क्लिकवाला सेट डोक्यातून काढ. क्लिक मोजून शॉकअप घेणं म्हणजे शिट्ट्या मोजून कुकर घेणं. लॅबमध्ये आम्ही शॉकअप डायनोवर उभा बांधायचो. खालून मोटर त्याला वर-खाली हलवते, वर बल मोजणारा लोडसेल बसवलेला असतो, आणि पडद्यावर वेग विरुद्ध बल असा आलेख उमटतो. पुढची जोडी घ्यायची, दोन्ही एकाच क्लिकवर ठेवायचे आणि दोन्ही आलेख एकावर एक टाकायचे. चांगली जोडी असेल तर दोन रेघांची एकच जाड रेघ दिसते. स्वस्तातल्या जोड्यांमध्ये डावा सातव्या क्लिकला जे बल देतो ते उजवा अकराव्याला देतो, असंही बघितलंय. पुढे गंमत अशी की ३२ पैकी पंधरा-वीस क्लिक फिरवले तरी आलेख जागचा हलत नाही, आणि मग शेवटच्या चार-पाच क्लिकांत एकदम कडक होतो. म्हणजे तू ट्रॅकवर उभा राहून "दोन क्लिक घट्ट केलं, फरक पडला बरं का" म्हणणार, आणि आत काहीच झालेलं नसणार. दुकानदाराकडे त्या सेटचा डायनो आलेख माग. दिला तर पुढे बोलू. नाही दिला, तर तेच त्याचं उत्तर समज.

आता तुझे दोन त्रास. दुपारी मागची बाजू तरंगते, याचा दोष तू शॉकअपवर टाकून मोकळा झालास. मला आधी टायरवर संशय आहे. शॉकअप तापतो, तेल पातळ होतं, जोर कमी होतो, हे खरं. ट्विनट्यूबमध्ये तेलाच्या नळीभोवती आणखी एक नळी असते, त्यामुळे उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो. तेलात हवा मिसळून फेस होण्याची भीतीही तिथेच जास्त. मोनोट्यूबमध्ये तेल थेट बाहेरच्या भिंतीला लागून असतं आणि नायट्रोजन तरंगत्या पिस्टनने वेगळा ठेवलेला असतो. तुझे बिलस्टीन आहेत म्हणजे मोनोट्यूबच असणार. अकराशे किलोच्या आतली गाडी हॉकेनहाइमच्या सपाट डांबरावर त्यांना इतकं तापवेल, हे मला पटत नाही. याउलट एस००१ हा रस्त्यावरचा टायर. थंड असताना दोन बार भरलास तर दुपारी तो अडीचच्या पुढे जातो आणि वरचं रबर चिखलासारखं सरकतं. पुढच्या वेळी सेशन संपताच पिटमध्येच प्रेशर मोज. गरम असताना २.२ च्या आसपास राहील असं बघ, आणि मग मला सांग तरंगणं किती उरलं.

फुक्सरोअरचं दुखणं मात्र खरंच सस्पेन्शनचं आहे. तिथे उतारावरून पूर्ण वेगात येतोस आणि तळाला गाडीचं वजन क्षणभर खूप वाढतं. स्प्रिंग दबते, शॉकअपचा प्रवास संपतो आणि गाडी बंपस्टॉपवर, म्हणजे दांड्यावरच्या शेवटच्या रबरी ठोकळ्यावर बसते. बंपस्टॉप लागला की त्या कोपऱ्यातली स्प्रिंग अचानक कितीतरी पट कडक झाल्यासारखं होतं. एक चाक आधी बसलं, दुसरं नंतर, की गाडी बाजूला पाऊल टाकणारच.

हे नक्की कसं कळेल? दहा सेंटचा इलाज आहे. चाक काढ, शॉकअपच्या दांड्यावरचं रबरी आवरण वर सरकव आणि दांड्याला बारीक केबलटाय घट्ट बांध, खाली शॉकअपच्या बॉडीला टेकवून. आवरण परत खाली ओढू नकोस. एक फेरी मार आणि परत बघ. केबलटाय जिथपर्यंत वर ढकलला गेला तिथपर्यंत शॉकअप दबला होता. तो बंपस्टॉपच्या रबरात घुसून चेपलेला सापडला तर प्रवास संपतोय. चारही चाकांना कर. हे केल्याशिवाय एक युरो खर्च करू नकोस.

बोब्लिंगेनकर:

ताई, मनापासून आभार. काल नॉर्डश्लाइफला जाऊन आलो. पुढचे दोन्ही केबलटाय बंपस्टॉपच्या खाली बोटभर थांबले. मागचे दोन्ही रबराला भिडून चपटे, उजवा तर तुटलाच. प्रेशर २.२ वर ठेवलं तर तरंगणं निम्म्याहून कमी झालं, हे मान्य. कलणं तसंच आहे.

मग गाडी खाली घेऊन कडक स्प्रिंग घातली तर चालेल ना? बी१४ मध्ये उंची कमी करता येते म्हणे.

चाकणवाली:

उलटं करतोयस. मागचा प्रवास आधीच अपुरा पडतोय आणि तू गाडी आणखी खाली घेणार म्हणजे उरलेला प्रवासही घालवणार. एमएक्स-५ ची पहिल्या पिढीपासूनची रड हीच आहे, मागे प्रवास कमी. दिसायला तीन सेंटीमीटर खाली गाडी छान दिसते, पण फुक्सरोअरला कुणी फोटो काढत नाही. पंधरा-वीस मिलीमीटरच्या पुढे जाऊ नकोस. आणि सेट असा घे की ज्याच्या मागच्या शॉकअपची बॉडी मूळच्यापेक्षा आखूड आहे, म्हणजे गाडी खाली येऊनही दबायला जागा राहते. विकत घेताना हा प्रश्न फोन करून विचार: माझ्या उंचीला बंपस्टॉपपर्यंत किती मिलीमीटर उरतात?

कडक किती, हे हिशेबाने ठरव. गाडीच्या एका कोपऱ्यावर, म्हणजे एका चाकावर, तुझ्यासकट साधारण २८० किलो येतात. चाक, ब्रेक, हब वगैरे वजा केलं की स्प्रिंगवर २४५ धर. स्प्रिंग मिलीमीटरला ६० न्यूटनची आहे समज. डबल विशबोनमध्ये, म्हणजे चाक वर-खालच्या दोन आडव्या भुजांनी धरलेलं असतं तिथे, स्प्रिंग चाकाच्या आतल्या बाजूला बसते, त्यामुळे चाक एक सेंटीमीटर हललं तरी ती तेवढी दबत नाही. ते गुणोत्तर सोयीसाठी ०.७ धरते. त्याचा वर्ग ०.४९, म्हणजे चाकाला जाणवणारी कडकी २९.४ न्यूटन. यातून कोपऱ्याची नैसर्गिक वारंवारता येते १.७४ हर्ट्झ. घरगुती गाड्या एक ते दीडमध्ये असतात. ट्रॅकला जाणारी पण नंबरप्लेट असलेली गाडी पावणेदोन ते दोनमध्ये बरी वाटते. विंग लावलेल्या रेसगाड्या तीनच्या पुढे जातात, तो आपला प्रांत नाही.

आता शॉकअप या स्प्रिंगला आवरू शकला पाहिजे. याच आकड्यांनी क्रिटिकल डॅम्पिंग (गाडी एकदाही न हेलकावता जागेवर यायला लागणारा जोर) काढलं आणि त्याचं ६५ टक्के धरलं, तर दांडा सेकंदाला पाच सेंटीमीटरने हलत असताना शॉकअपने सरासरी ३५० न्यूटन द्यायला हवेत. दबताना २८०, उघडताना ४२०, असं काहीसं. पाच सेंटीमीटर हा आकडा मुद्दाम घेतलाय. ब्रेक दाबल्यावर नाक खाली जाणं, वळणात कलणं, हे सगळं या संथ वेगात घडतं. ट्रॅकच्या कडेच्या कर्बवर चाक चढलं की दांडा सेकंदाला तीस सेंटीमीटर किंवा त्याहून जोरात धावतो. तिथे शॉकअपने जरा सोडून द्यावं लागतं, नाहीतर चाक हवेत राहतं आणि कंबरेलाही दणका. चांगल्या शॉकअपचा आलेख म्हणून सुरुवातीला चढा असतो आणि मग आडवा होत जातो. ओलिन्सचा डीएफव्ही व्हॉल्व हेच काम करतो, दबताना आणि उघडतानाही. तुझ्या बायकोच्या पाठीला जे आवडेल तेच नॉर्डश्लाइफवरच्या कारुसेल वळणाच्या काँक्रीटवर टायरला आवडतं, हे लोकांना पटत नाही.

लोक कलणं कमी करायला म्हणून उघडतानाचा जोर वाढवत नेतात. तो प्रमाणाबाहेर गेला की एका दणक्यातून स्प्रिंग उघडायच्या आत दुसरा दणका येतो. गाडी दर दणक्याला खाली खाली बसत जाते आणि शेवटी बंपस्टॉपवर. नॉर्डश्लाइफवर हे दोन वळणांत होतं, हॉकेनहाइमवर दिवसभरात कळणारही नाही. एकच सेट दोन्हीकडे वापरायचा असेल तर नॉर्डश्लाइफला बसेल असा घ्यायचा आणि हॉकेनहाइमला थोडं कलणं सोसायचं. कलणं कमीच करायचं असेल तर पुढे जाडसर अँटीरोल बार (डावं-उजवं चाक जोडून कलणं रोखणारी दांडी) टाक, स्वस्तात होतं.

केडब्ल्यूभक्त:

चाकणवाली, व्ही३ बद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. दबणं आणि उघडणं वेगवेगळं लावता येतं, बाहेरची नळी स्टेनलेसची, इथल्या हिवाळ्यातल्या मिठाला दाद देत नाही. आणि केडब्ल्यूचं फिक्टेनबर्ग श्टुटगार्टहून एका तासावर.

चाकणवाली:

व्ही३ ला मी नावं ठेवत नाही. ट्विनट्यूब आहे म्हणून नाक मुरडणाऱ्यांतली मी नाही, त्यांचे व्हॉल्व उत्तम असतात. फिक्टेनबर्गला त्यांच्याकडे गाडी चाकांसकट हलवून बघायचं सात खांबांचं यंत्र आहे. असल्या यंत्राशेजारी मला कुणी दिवसभर उभं केलं तर मी जेवायला जाणार नाही. ज्याला बसून एकेक क्लिक लावायची, वहीत लिहायची हौस आहे, त्याच्यासाठी व्ही३ सोन्यासारखा. वहीत न लिहिणाऱ्याने दोन वेगळे स्क्रू फिरवायला घेऊ नयेत. दोन्ही भलतीकडे गेले की परत कुठे यायचं हेच कळत नाही.

ओलिन्सला एकच नॉब. तो मुख्यतः उघडण्याचा जोर बदलतो. एक गोष्ट बदलायची आणि फेरी मारायची, सरळ काम. शिवाय नॉर्डश्लाइफला लागून मॉयस्पाथला त्यांचं केंद्र आहे. तेल, सील, नायट्रोजन, सगळं नवं करून मिळतं. शॉकअप घेताना "हा उघडून दुरुस्त कोण करणार आणि माझ्यापासून किती दूर" हा प्रश्न किमतीइतकाच महत्त्वाचा.

बी१४ मध्ये जोर बदलता येत नाही, फक्त उंची. लोक याला कमीपणा समजतात. मला उलट वाटतं, एन्नेपेटालच्या बिलस्टीनवाल्यांनी स्प्रिंग आणि व्हॉल्व एकमेकांना जुळवून दिलेत, तू हात लावून बिघडवू शकत नाहीस. ओलिन्सच्या साधारण निम्म्या किमतीत.

तुला माझं मत हवंय म्हणून सांगते: बी१४ घे. उंची त्यांच्या कागदात दिलेल्या पल्ल्याच्या वरच्या टोकाला ठेव. वाचलेल्या पैशांत चार चांगले टायर. अलाइनमेंटमध्ये पुढे कॅम्बर (चाकाचा वरून आत झुकाव) मिळेल तितका, दोन अंशांच्या आसपास. अडीच हजारांत ओलिन्स घेऊन त्याच जुन्या एस००१ वर फिरलास तर महागडे शॉकअप स्वस्त टायरची चाकरी करतील. दोन वर्षांनी पगार वाढला की ओलिन्सचं बघू.

कोथरूडची पोलो:

मध्येच घुसतोय, माफ करा. माझी पोलो जीटी, इरुंगट्टुकोट्टईला ट्रॅक डेला नेतो, कधी कोइंबतूरच्या करीलाही. ताईंचा हिशेब तिला लावला तर चालेल का? मला एकाने सांगितलं की ६० न्यूटनची स्प्रिंग टाक.

चाकणवाली:

नको! पोलोला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंगचा एकत्र खांबच चाक धरून ठेवतो. तिथे स्प्रिंग जवळजवळ चाकासोबतच हलते, गुणोत्तर एकच्या जवळ, ०.९५ धर. तीच ६० ची स्प्रिंग तुझ्या चाकाला ५४ ची लागेल, एमएक्स-५ ला २९ ची लागते. म्हणून दुसऱ्या गाडीच्या स्प्रिंगचा आकडा उचलायचा नसतो. तुझ्या पुढच्या चाकांवर वजन जास्त येतं, ते धरूनही साधारण ३५ ते ४० मध्ये काम होईल.

दुसरं, मॅकफर्सनमध्ये शॉकअप नुसता वर-खाली होत नाही, वळणातला आडवा जोरही तोच खातो. बिलस्टीन त्यासाठी मोनोट्यूब उलटा बसवतात, म्हणजे बारीक दांड्याऐवजी जाड नळी आडवा जोर घेते. तुझ्याकडे आधी वरच्या माउंटचं रबर आणि बेअरिंग बघ. पुण्याच्या रस्त्यांवर ते कधीच संपलेलं असतं आणि माणूस शॉकअप बदलत बसतो. मागे तुझ्याकडे टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारी एकच आडवी तुळई), तिथे फार खेळ करण्यासारखं काही नाही.

बोब्लिंगेनकर:

ठरलं, बी१४ आणि टायर. ताई, दोन शेवटच्या शंका. एक, मी आणि मित्र मिळून त्याच्या गॅरेजात बसवू शकतो का? दोन, ट्युफचं, म्हणजे इथल्या गाडी तपासणीचं काय? नॉर्डश्लाइफच्या बाहेर पोलीस थांबवतात असं ऐकलंय.

चाकणवाली:

थांबवतात. गाडी खाली बसलेली दिसली की कागद मागतात. टाइलेगुटआख्टन, म्हणजे पार्ट तपासल्याचा कागद, सेटसोबत येतो, तो जपून ठेव, पण तो नुसता खिशात असून भागत नाही. बसवल्यावर लगेच ट्युफकडे किंवा डेक्राकडे गाडी दाखवून नोंद करून घ्यावी लागते. ट्युफवाला टायर आणि चाकांची मापं त्याच कागदाशी ताडून बघतो, म्हणून टायरचं माप मूळचंच ठेव, एक भानगड कमी. उंचीही कागदातल्या पल्ल्याबाहेर असली की तो परत पाठवतो. टुरिस्टनफार्टनच्या, म्हणजे सगळ्यांना खुल्या फेऱ्यांच्या वेळी नॉर्डश्लाइफ हा टोल भरून चालवायचा सार्वजनिक रस्ता असतो, रस्त्याचे सगळे नियम लागू. नोंद नसताना काही झालं तर विमा कंपनीशी भांडत बसशील.

आणि हो, घरी बसवता येतात. एमएक्स-५ ला इलेक्ट्रॉनिक शॉकअप नाहीत, त्यामुळे डॅशबोर्डवर दिवे लागायची भानगड नाही. मूळची स्प्रिंग काढताना कॉम्प्रेसर चांगला वापरा, भाड्याचा झिजलेला नको. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात जातो, हे मी गंमत म्हणून लिहीत नाहीये.

एक गोष्ट गॅरेजवालेसुद्धा करत नाहीत. विशबोनचे जे बोल्ट सैल कराल ते गाडी जॅकवर लटकत असताना पूर्ण घट्ट करू नका. बुशमधलं (विशबोनच्या सांध्यातलं) रबर आतल्या-बाहेरच्या दोन्ही नळ्यांना चिकटवलेलं असतं. लटकत्या अवस्थेत आवळलं तर गाडी खाली ठेवल्यावर ते कायम पिळलेलं राहतं. गाडी उंच बसते, रबर लवकर फाटतं आणि तुझा उंचीचा सगळा हिशेब चुकतो. आधी हलके लावा, गाडी चाकांवर ठेवा, दोन-चारदा दाबून हलवा आणि मग टॉर्क रेंचने आवळा. चाकांखाली लाकडी फळ्या ठेवल्या की रेंचला जागा होते.

अलाइनमेंट लगेच नको. दोन-तीनशे किलोमीटर चालव, स्प्रिंग बसू देत, उंची परत मोज, मग अलाइनमेंट आणि शेवटी ट्युफ. सगळं आठवडाभरात उरक. जुने बिलस्टीन आणि स्प्रिंगा विकू नकोस. ही गाडी विकशील तेव्हा घेणारा पहिला प्रश्न तोच विचारेल.